२९ आठवड्यांच्या बाळातील पीडीए : औषध केव्हा द्यायचे, कोणते द्यायचे आणि कुठे थांबायचे

दक्षिण कोकणच्या किनारपट्टीवरील एका नवजात शिशू अतिदक्षता कक्षात, ऐन पावसाळ्यात हाताळलेले हे प्रकरण आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळात डक्टस आर्टेरिओसस ही जन्मानंतर बंद व्हायची हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडी दिसली (यालाच पीडीए म्हणतात) की औषध सुरू करायचे, ही जुनी रीत गेल्या काही वर्षांत मागे पडली आहे. मात्र तिच्या जागी "काहीच करू नका" अशी दुसरी सरसकट रीत आणणेही योग्य नाही, असे आमचे मत आहे. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल मिळाल्यानंतरही, हा डक्टस या बाळाला खरोखर त्रास देत आहे का आणि जे औषध देऊ त्याच्यावर नजर ठेवण्याची सोय आपल्याकडे आहे का, हे दोन प्रश्न उरतातच.

पार्श्वभूमी

आई २३ वर्षांची होती. हे तिचे दुसरे गरोदरपण. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. वडील ट्रॉलरवर खलाशी असून जून-जुलैच्या मासेमारीबंदीमुळे घरीच होते. २९ व्या आठवड्यात तिला अंगावरून पाणी जात असल्याचे जाणवले, पण पावसाळ्यात असे होते, या समजुतीने दोन दिवस ते कुणाला सांगितले गेले नाही. कळा सुरू झाल्यावर आशाताईंनी तिला रात्री ग्रामीण रुग्णालयात आणले. तेथील डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचे (बाळाची फुफ्फुसे लवकर तयार करणारे स्टिरॉइड) ६ मिलिग्रॅमचे पहिले इंजेक्शन आणि प्रतिजैविक देऊन १०८ रुग्णवाहिकेने तिला आमच्याकडे पाठवले. बारा तासांनी दुसरा डोस दिला आणि पहिल्या डोसपासून सुमारे सोळा तासांनी प्रसूती झाली. चार डोसांपैकी दोनच पडले.

मुलगी झाली. वजन १,१४० ग्रॅम. जन्मताच रडली, नाळ मिनिटभर थांबून कापली आणि प्रसूतिगृहातच सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे उपकरण) लावला. तीन तासांनी ऑक्सिजनची गरज ४५ टक्क्यांवर गेल्याने बारीक नळीतून सरफॅक्टंट, म्हणजे फुफ्फुसे उघडी राहण्यास मदत करणारे औषध, दिले. श्वास थांबू नये म्हणून कॅफीन सुरू केले. आईचे पाणी दोन दिवस जात असल्यामुळे अँपिसिलिन आणि अमिकासिन ही प्रतिजैविकेही सुरू केली. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन २५ टक्क्यांवर आला आणि आईचे चिकाचे दूध दर तीन तासांनी एकेक मिली पचू लागले. कावीळ वाढत असल्याने तिसऱ्या दिवशी फोटोथेरपी लावली आणि त्यासोबत रोजच्या द्रवाचे प्रमाणही वाढवले गेले.

डक्टस आर्टेरिओसस ही महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी आखूड रक्तवाहिनी आहे. गर्भात फुफ्फुसे श्वास घेत नसल्यामुळे रक्त या वाटेने त्यांना वगळून पुढे जाते; कमी प्राणवायू आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ ही वाट उघडी ठेवतात. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती आकसून बंद होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तिच्या भिंतीतील स्नायू कोवळा असतो आणि प्रोस्टाग्लँडिनचा प्रभाव टिकून राहतो, त्यामुळे ती उघडी राहण्याचा संभव मोठा. फुफ्फुसांतील दाब उतरला की महाधमनीतील रक्त उलट फुफ्फुसांकडे वाहू लागते. फुफ्फुसे ओली होतात आणि आतडी, मूत्रपिंडे, मेंदू यांच्या वाट्याचे रक्त घटते.

प्रश्न कसा उभा राहिला

चौथ्या दिवशी पहाटे सिस्टरांनी दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. एक म्हणजे बाळाचे वजन आदल्या दिवसापेक्षा ३५ ग्रॅमने वाढले होते. या वयात वजन अजून उतरत असायला हवे, त्यामुळे ही वाढ पोषणाची नव्हती, पाण्याची होती. दुसरी म्हणजे हाताच्या तळव्यावर बोट ठेवले तरी नाडी टकटक लागत होती. सकाळपर्यंत ऑक्सिजनची गरज ४० टक्क्यांपर्यंत चढली. श्वास थांबण्याचे तीन प्रसंग झाले. पोटात दूध शिल्लक राहू लागले आणि पोट किंचित फुगले. रक्तदाब ४६/१९ होता, म्हणजे खालचा आकडा फारच उतरलेला. छातीवर बारीक मर्मर, म्हणजे हृदयातील जादा आवाज, ऐकू येत होता. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली मोठी आणि फुफ्फुसे धूसर होती.

जंतुसंसर्गातही जवळपास हेच चित्र दिसू शकते, म्हणून रक्ताचे कल्चर पुन्हा पाठवले आणि प्रतिजैविके चालू ठेवली. प्लेटलेट ८८,००० होत्या, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३, काविळीचे बिलिरुबिन ९ आणि लघवी तासाला किलोमागे १.१ मिली. लघवी मोजण्यासाठी प्रत्येक लंगोट वापरण्यापूर्वी आणि नंतर ग्रॅमच्या काट्यावर तोलून फरक तक्त्यावर लिहिला जात होता. ही साधी नोंद पुढच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडली.

अडचण इकोची होती. नवजात बाळाचा इको करू शकणारे हृदयरोगतज्ज्ञ ठरावीक दिवशीच येत आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. बाळाला कोल्हापूरला हलवायचे तर घाटात दरड आल्याने वाहतूक एकेरी सुरू होती. एरवी साडेतीन-चार तासांचा असणारा रस्ता त्या दिवशी किती वेळ घेईल, हे कुणीच सांगू शकत नव्हते.

पहिला निर्णय : इकोशिवाय औषध द्यायचे का

लक्षणे इतकी बोलकी होती की इकोची वाट न पाहता औषध सुरू करावे, असा विचार कक्षात मांडला गेला. तो नाकारण्यात आला आणि हा निर्णय आजही आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही जन्मजात हृदयविकारांत, उदाहरणार्थ महाधमनी अरुंद असणे किंवा फुफ्फुसाकडे जाणारी झडप पूर्ण बंद असणे, बाळाचा जीव याच उघड्या डक्टसवर अवलंबून असतो. अशा बाळात औषधाने डक्टस बंद केला तर हानी तत्काळ आणि भयंकर असते. लक्षणे कितीही नेमकी वाटली तरी हृदयाची रचना पाहिल्याशिवाय डक्टस बंद करणारे औषध देऊ नये.

मधल्या साधारण वीस तासांत तीन गोष्टी केल्या. एकूण द्रव १४० वरून किलोमागे १२० मिलीवर आणला. त्याहून खाली उतरवला नाही, कारण फार आवळले तर पोषण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा दोन्ही घटतात. सीपॅपचा दाब ५ वरून ७ सेंटिमीटर केला, कारण हा दाब वाढला की फुफ्फुसांकडे वळणारे रक्त काहीसे रोखले जाते. दूध मात्र पूर्ण बंद केले नाही, एक मिलीवरच ठेवले.

फुफ्फुसे ओली दिसल्यावर फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध देण्याचा मोह सगळीकडेच होतो आणि तो येथेही झाला. हे औषध मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती वाढवते. श्वसनविकार असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याने डक्टस उघडा राहण्याचे प्रमाण वाढते, हे १९८३ मध्येच एका चाचणीत दाखवले गेले आहे. लघवी वाढल्याचे तात्पुरते समाधान मिळाले असते, पण ज्या रसायनाशी झगडा आहे त्यालाच आपण बळ दिले असते. म्हणून ते दिले नाही.

समोरचे पर्याय

पाचव्या दिवशी सकाळी इको झाला. हृदयाची रचना नीट होती. डक्टसचा व्यास २.१ मिलिमीटर, डाव्या कर्णिकेचे (हृदयाचा डावा वरचा कप्पा) महाधमनीशी प्रमाण १.७, आणि उतरत्या महाधमनीत हृदय शिथिल होतानाचा प्रवाह उलटा. व्यास १.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि प्रवाह उलटा, म्हणजे डक्टस रक्ताभिसरणावर भार टाकत आहे हे नक्की झाले.

पहिला पर्याय आणखी थांबण्याचा होता आणि त्याच्या बाजूने गंभीर पुरावा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत केवळ निरीक्षण करण्याचे धोरण, डक्टस बंद करणारे आयब्युप्रोफेन लवकर देण्यापेक्षा कमी पडले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत मोठा डक्टस असलेल्या बाळांना पहिल्या तीन दिवसांत आयब्युप्रोफेन देऊनही मृत्यू किंवा फुफ्फुसांचा दीर्घ आजार कमी झाला नाही. शिवाय एक किलोच्या वरील बऱ्याच बाळांत डक्टस आपोआप बंद होतो. तरीही या चाचण्या ज्या कक्षांत झाल्या तेथे बाळ बिघडले तर व्हेंटिलेटर, रोजचा इको आणि शस्त्रक्रियेची सोय हाताशी होती. आमच्याकडे नवजात बाळासाठीचा एकमेव व्हेंटिलेटर दुसऱ्या बाळाला लागलेला होता. आमच्या बाळाचा केवळ इको वाईट नव्हता. वीस तास सांभाळूनही ऑक्सिजन ३८ टक्क्यांखाली उतरत नव्हता, श्वास थांबत होता आणि दूध पचत नव्हते. चाचणीतील सरासरी निष्कर्ष या खाटेवरच्या बाळाला जसाच्या तसा लावणे आम्हाला पटले नाही.

दुसरा पर्याय इंडोमेथासिनचा. १९७६ मध्ये दोन अमेरिकी गटांनी या औषधाने डक्टस बंद होतो हे दाखवले आणि नवजात बालकांच्या उपचारात एक नवे दालन उघडले. जन्मतःच प्रतिबंध म्हणूनही ते वापरले गेले. २००१ च्या मोठ्या चाचणीत एक किलोच्या आतील बाळांत त्याने पीडीए आणि मेंदूतील गंभीर रक्तस्राव दोन्ही कमी झाले, परंतु दीड वर्षाच्या वयाला अपंगत्वाशिवाय जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मूत्रपिंड आणि आतड्यांचा रक्तपुरवठा घटवण्याची या औषधाची प्रवृत्ती आणि शिरेतून देण्याच्या स्वरूपात ते हाताशी नसणे, यांमुळे या पर्यायावर फार चर्चा झाली नाही.

तिसरा आयब्युप्रोफेनचा : पहिला डोस किलोमागे १० मिलिग्रॅम, नंतर चोवीस तासांच्या अंतराने ५ आणि ५. हे औषध परिणामकारक आहे, तोंडावाटे दिले तरी चालते, स्वस्त आहे. प्लेटलेट चांगल्या, क्रिएटिनिन नेहमीचे आणि पोट मऊ असते तर आम्ही बहुधा हेच निवडले असते. पण या बाळात लघवी जेमतेम होती, मूत्रपिंडावर भार टाकणारे अमिकासिन चालू होते, पोट फुगलेले होते, प्लेटलेट कमी होत्या आणि कावीळही होती. आयब्युप्रोफेन बिलिरुबिनला अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनापासून सुटे करू शकते. यांपैकी एकही गोष्ट एकटी असती तर औषध पूर्णपणे वर्ज्य ठरले नसते. सगळ्या एकत्र आल्यावर मात्र दुसरे औषध शोधणे रास्त होते.

चौथा पर्याय पॅरासिटामॉलचा. २०११ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी पाच बाळांत या औषधाने डक्टस बंद झाल्याचे नोंदवले आणि त्यानंतर त्यावर बरेच काम झाले. ते प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकरावर वेगळ्या जागी काम करते. डक्टस बंद करण्यात ते आयब्युप्रोफेनच्या तोडीचे आणि मूत्रपिंड व पोटाच्या बाबतीत अधिक सौम्य दिसले आहे. यकृतावर लक्ष ठेवावे लागते आणि लहान वयातील वापराच्या दूरच्या परिणामांविषयीची माहिती आयब्युप्रोफेनइतकी जुनी नाही, हे आईवडिलांना स्पष्ट सांगितले.

पाचवा पर्याय हलवण्याचा. शस्त्रक्रियेने डक्टस बांधता येतो, आणि आता मोठ्या केंद्रांत ७०० ग्रॅमच्या बाळातही रक्तवाहिनीतून छोटे उपकरण नेऊन तो बंद करता येतो. परंतु दोन्ही उपाय औषधांनी न जमल्यावरचे आहेत, आणि सीपॅपवरील जेमतेम किलोभराच्या बाळाला दरडीच्या रस्त्याने नेणे हाच एक स्वतंत्र धोका होता.

आजीने मालवणीत एकच प्रश्न विचारला होता, "डॉक्टरांनू, चेडवाक कोल्हापुराक नेवक व्हया काय?" तिला आणि बाळाच्या वडिलांना बागेतल्या पाटाचे उदाहरण देऊन समजावले : पाटाला मध्येच भगदाड पडले की तिथे चिखल होतो आणि शेवटच्या माडापर्यंत पाणी पोचत नाही, चिखल म्हणजे फुफ्फुसे, शेवटचे माड म्हणजे पोट आणि मूत्रपिंड. आधी औषधाने भगदाड लहान करून पाहू, तीन दिवसांत फरक पडला नाही किंवा व्हेंटिलेटरची गरज लागली तर हलवू, असे ठरले. तसे ठरल्याबरोबर कोल्हापूरच्या केंद्राशी बोलून खाट आणि रुग्णवाहिकेची पूर्वकल्पना देऊन ठेवली. खर्च जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून आणि गरज पडल्यास जन आरोग्य योजनेतून भागेल, हेही त्याच वेळी सांगितले, कारण बंदीच्या महिन्यांत या घरात रोख पैसा नव्हता आणि वडील तो प्रश्न विचारायला कचरत होते.

उपचार

पोट भरवशाचे नसल्याने पॅरासिटामॉल शिरेतून द्यायचे ठरले : किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, तीन दिवस.

येथे औषधाच्या बाटलीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. या बाळाचा एक डोस १७ मिलिग्रॅमचा. शिरेतून देण्याच्या १०० मिलीच्या बाटलीत दर मिलीत १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे डोस १.७ मिली. पण त्याच नावाची, प्रौढांना स्नायूत टोचण्याची दोन मिलीची अँप्यूलही औषधाच्या कपाटात असते आणि तिच्यात दर मिलीत १५० मिलिग्रॅम असतात. रात्रपाळीत "पॅरा १.७ मिली" एवढेच वाचून कुणी ती अँप्यूल उघडली तर बाळाला पंधरापट डोस जाईल. तोंडावाटे देण्याच्या औषधांतही ड्रॉप्स मिलीला १०० मिलिग्रॅमचे आणि सिरप पाच मिलीला १२० मिलिग्रॅमचे, असा चौपट फरक असतो. म्हणून ऑर्डर मिलिग्रॅम, मिली आणि बाटलीची तीव्रता अशा तिन्ही रूपांत लिहिली, अँप्यूल नवजात कक्षाच्या कपाटातून काढून टाकल्या आणि प्रत्येक डोस दोन सिस्टरांनी मोठ्याने वाचून भरला. प्रत्येक डोस पंप लावून पंधरा मिनिटांत दिला.

दुसऱ्या कल्चरचा अहवाल ४८ तासांनी निर्जंतुक आल्यावर अमिकासिन थांबवले. औषधाच्या दुसऱ्या दिवशी लघवी तासाला किलोमागे २.४ मिलीवर गेली, रक्तदाबाचा खालचा आकडा २७ झाला आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांवर आला. क्रिएटिनिन उतरू लागले. यकृताच्या चाचण्या सुरुवातीला आणि तिसऱ्या दिवशी केल्या. दोन्ही वेळा नीट होत्या.

दुसरा निर्णय : पूर्ण बंद होईपर्यंत द्यायचे का

आठव्या दिवशीच्या इकोत डक्टस १.२ मिलिमीटरचा राहिला होता. कर्णिकेचे प्रमाण १.३, उलटा प्रवाह नाहीसा. बाळ २५ टक्के ऑक्सिजनवर होते आणि दूध वाढत होते. अनेक ठिकाणी अशा वेळी औषध सात दिवसांपर्यंत नेतात आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. आम्ही ते थांबवले. डक्टसचा भार उतरवणे हे उद्दिष्ट होते आणि ते साधले होते. उरलेली अरुंद वाट वाढत्या वयात आपोआप बंद होण्याची शक्यता चांगली होती.

या निर्णयाची कसोटी दहाव्या दिवशी लागली. मर्मर पुन्हा स्पष्ट ऐकू आला आणि दुसरा कोर्स लगेच द्यावा असा आग्रह कक्षातल्या काहींनी धरला. त्यांच्या काळजीला आधार होता, कारण औषध थांबल्यावर डक्टस पुन्हा रुंदावल्याची उदाहरणे आहेत. पण अरुंद होत जाणाऱ्या वाटेतून रक्त जोरात जाताना आवाज उलट मोठा होऊ शकतो, आणि रुंद डक्टस कधी कधी अगदी निःशब्द असतो. म्हणून मर्मर बाजूला ठेवून चार नोंदी पाहिल्या : ऑक्सिजन, रक्तदाबाचा खालचा आकडा, लघवी आणि पचलेले दूध. चारही स्थिर होते. श्वास थांबण्याचा प्रसंग दोन दिवसांत झाला नव्हता. औषध दिले नाही. यांपैकी दोन गोष्टी बिघडल्या तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता तज्ज्ञांना बोलवायचे, एवढे लिहून ठेवले.

परिणाम

बाराव्या दिवशी सीपॅप निघाला. पंधराव्या दिवशी बाळ पूर्ण दुधावर आले. आईने, आणि ती थकली की आजीने, छातीशी धरून कांगारू पद्धतीने बाळ सांभाळले. मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव नव्हता. चौथ्या आठवड्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली; उपचार लागेल असे काही आढळले नाही, पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तपासण्या चालू ठेवल्या. गर्भधारणेपासून ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर १,७८० ग्रॅम वजनावर बाळ ऑक्सिजनशिवाय घरी गेले. मूळ तारखेच्या सुमारास केलेल्या इकोत डक्टस पूर्ण बंद होता.

वेगळे काय करता येईल

पहिली बाब द्रवाची. फोटोथेरपी लावली की किलोमागे दहा-वीस मिली द्रव वाढवायचे, हा नियम उष्णता देणाऱ्या जुन्या दिव्यांच्या काळातला आहे. एलईडी दिव्यांनी त्वचेवाटे होणारी पाण्याची घट फारशी वाढत नाही. त्यामुळे आता रोजचे वजन, सोडियम आणि लघवी पाहूनच द्रव वाढवला जातो. पहिल्या आठवड्यातील जादा द्रव आणि पीडीए यांचा संबंध चांगला सिद्ध झालेला आहे, आणि हा प्रतिबंध कोणत्याही खर्चाशिवाय करता येतो.

दुसरी इकोची. हृदयाची रचना तज्ज्ञांनीच तपासली पाहिजे. पण ती एकदा नीट असल्याचे कळले की डक्टसचा व्यास आणि उलटा प्रवाह मोजणे प्रशिक्षित बालरोगतज्ज्ञाला जमू शकते. तसे झाले असते तर आठव्या दिवसाऐवजी सातव्या दिवशीच औषध थांबवता आले असते आणि दहाव्या दिवसाची घालमेल टळली असती. ३० आठवड्यांच्या आतील प्रत्येक बाळाचा पहिला इको लक्षणांची वाट न पाहता तिसऱ्या दिवसापर्यंत व्हावा, अशी व्यवस्था तज्ज्ञांच्या भेटीचे वार बदलून घेऊन करता येते.

तिसरी बाब या सर्वांच्या आधीची आहे. प्रसूतीपूर्व स्टिरॉइडने फुफ्फुसे लवकर तयार होतात, मेंदूतील रक्तस्राव कमी होतो आणि पीडीएचे प्रमाणही घटते. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी रेफर करण्यापूर्वी दिलेले ते एक इंजेक्शन या प्रकरणातील सर्वांत मोलाचे औषध होते, असे आम्ही मानतो, आणि रस्त्यात दहा तास गेले असते तरी त्याचे काम सुरू झालेलेच राहिले असते. पाणी जाऊ लागले त्याच दिवशी ती आली असती तर चारही डोस पूर्ण झाले असते. आशाताईंशी बोलून गरोदर बायकांना सांगण्याच्या गोष्टींत आता हे स्पष्ट शब्दांत घातले आहे की अंगावरून पाणी गेले, ते थोडे असो वा थांबलेले असो, त्याच दिवशी दाखवायला यायचे.

आईच्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या गरोदरपणासाठी वेगळी नोंद केली आहे : अपुऱ्या दिवसांत प्रसूती पुन्हा होण्याचा धोका, पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवणे, पाचव्या महिन्याच्या आत गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने मोजणे, आणि तारीख पावसाळ्यात येत असेल तर सातव्या महिन्यापासून मोठ्या रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय.